बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधला लेसर

आमच्या लॅबमध्ये धूळ साठू नये म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो. दारात चिकट पायपुसणं आहे, छतात फिल्टर आहेत, आत जाताना पांढरा झगा, टोपी, मास्क आणि पायाला पिशव्या घालाव्या लागतात. एवढं केल्यावर धूळ आटोक्यात राहते, पण किस्से साठायचे ते साठतातच. चार माणसं एका बंद खोलीत महिनोन्‌महिने एकाच आकड्याकडं बघत बसली की दुसरं काय होणार?

मित्रांत बसलो की फर्माईश होते, "मोहिते, तुमच्या त्या लेसरचं सांगा की." मी सांगतो आणि लोक हसतात. मला स्वतःला त्यातल्या एकाही दिवशी हसू आलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

लॅब सांगलीच्या बाहेर, तासगाव रस्त्याला. इमारत आधी बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज होती. निकम सर मूळचे साताऱ्याचे. उभी हयात एका मोठ्या प्रयोगशाळेत काढून ते निवृत्त झाले आणि इकडं येऊन त्यांनी ही जागा घेतली. भिंती हातभर जाड, खिडक्या नाहीत, फरशीखालीसुद्धा थर्मोकोलचा थर. बाहेर एप्रिलचं ऊन भाजून काढत असलं तरी आतला पारा जागचा हलत नाही. "लेसरला अशी जागा पुण्यातसुद्धा मिळाली नसती," असं सर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी मागं उभा राहून मान डोलवायचो.

काम थोडक्यात असं. एका लांब नळकांड्यातली हवा काढून टाकलेली आणि आत दोन टोकांना दोन आरसे, समोरासमोर. या आरशांमध्ये प्रकाश येरझाऱ्या घालतो, पण कसाही नाही. आरशांना ठरावीक जाडीचा, ठरावीक जागी बारीक होणारा आणि नाकासमोर आत येणारा झोतच चालतो. बाहेरून येणारा लेसरचा झोत आपल्या मर्जीचा असतो. मग मध्ये भिंगं ठेवून आणि स्क्रू फिरवून त्याला आरशांच्या मापात बसवायचं. याला म्हणतात मोड मॅचिंग. शंभरातला किती प्रकाश मापात बसला, तो आमचा आकडा. पडद्यावर एक उंच सुळका दिसतो आणि शेजारी काही बुटके सुळके. उंच तो आपला, बुटके म्हणजे वाया गेलेला प्रकाश. बुटके जितके कमी, तितका आकडा चांगला.

हे मी घरी जेवताना समजावून सांगितलं, तर बायको म्हणाली, "म्हणजे आरसे सासरकडचे. ते काय बदलणार नाहीत. बदलायचं झोतानंच." मी भाजी वाढून घेतली.

यंत्र एका मोठ्या प्रकल्पासाठी होतं आणि त्यांना आकडा हवा होता अठ्ठ्याण्णव. तो आला तर पुढची सगळी यंत्रं आमच्याकडं. नाही आला तर काम दुसऱ्या राज्यात आणि आमच्या दाराला कुलूप. कराडची वैशाली, आमची खरी लेसरवाली, पुण्याची नोकरी सोडून इथं आली होती. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, मला दोन मुलं. आणि सरांना तर या खोलीशिवाय दुसरं जगच नव्हतं. सरांनी जमवलेलं होतं नव्हतं ते सगळं त्या नळकांड्यात होतं.

*

अठ्ठ्याण्णव आला कसा, तिथूनच सुरुवात करतो.

आकडा कितीतरी दिवस पंच्याण्णवच्या आसपास थरथरत होता. कारण कोपऱ्यातला जुना वाऱ्याचा पाइप. एसीचा वारा तिथून सुटला की थेट झोतावर. पाइप बंद करावा तर यंत्रांच्या उष्णतेनं खोली तापते. सरांनी परदेशातून मागवून प्लॅस्टिकचा पडदा लावला, पडदा फडफडायला लागला. थर्मोकोल लावला, त्याचे कण उडायला लागले.

शेवटी सरांनी आप्पांना हाक मारली. हणमंत आप्पा म्हणजे आमचे स्टोअरकीपर, ड्रायव्हर आणि राखणदार. गाव औंधच्या बाजूचं. आधी कुस्ती, मग फौज, मग आमच्याकडं. आप्पा दारात उभे राहिले की मागचं दार दिसत नाही, असा देह.

"आप्पा, या कोपऱ्यात उभे राहा. पाठ पाइपकडं. हलू नका."

आप्पा पाय फाकवून, हात मागं बांधून उभे राहिले. वारा बंद. थरथर बंद. सर आणि वैशालीनं त्या दिवसापासून स्क्रू जुळवायला घेतले आणि काम संपेपर्यंत आप्पा त्या कोपऱ्यात पहाऱ्यावर. सकाळी आकडा घ्यायचा म्हणजे आप्पांनी झगा घालून कोपरा धरायचा, असा नियमच पडला. आप्पा रजेवर तर मोजमापही रजेवर.

मी एकदा न राहवून म्हणालो, "सर, एवढं नाजूक यंत्र, आणि वारा अडवायला माणूस?"

सर म्हणाले, "मोहिते, परदेशी पडदा आणला तोही हलला. आप्पा हलत नाहीत."

आणि अठ्ठ्याण्णव आला. प्रकल्पवाल्यांची अट अशी होती की एकदा आकडा आला की सगळे स्क्रू सील करायचे आणि तपासणीपर्यंत हात लावायचा नाही. सील तुटलं की नापास. वैशालीनं पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं आणि एकेका स्क्रूवर थेंब ठेवला. आप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "आता दृष्ट काढाया पायजे."

आम्हाला वाटलं, माणूस गमतीनं बोलतोय.

*

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. सकाळी मी लॅबचं दार उघडलं आणि जागीच उभा राहिलो. नळकांड्याला झेंडूचा हार. लेसरच्या डब्याला हळदकुंकू. टेबलाच्या कडेला उदबत्ती, आणि तिचा धूर सरळ भिंगांच्या दिशेनं. शेजारी आप्पा हात जोडून उभे, झगा, टोपी, मास्क, पायाला पिशव्या, सगळं नियमानुसार.

"आप्पा, हे काय केलंत?"

"झगा घालूनच केलंय की वो."

"अहो, पण हळद..."

"फौजेत बंदूक पुजतो आमी. गावाकडं नांगर पुजत्यात. हे एवढं म्हागाचं यंत्र, ह्यालाच तेवढं उपाशी ठिवायचं?"

मी सरांची वाट बघत बसलो. म्हटलं, आता भडका उडेल. सर आले, सगळं बघितलं, उदबत्ती उचलून बाहेर नेली आणि परत येऊन विचारलं, "नारळ कुठं फोडलात?"

"भायेर. पायरीवर."

"मग ठीक आहे," सर म्हणाले, आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन ऑफिसात गेले.

सांगलीची हळद आहे ती. धुतली म्हणून जात नाही. तीन शिकलेली माणसं कापूस आणि स्पिरिट घेऊन कितीतरी दिवस यंत्र पुसत होती. माझा झगा आजही बाहीपाशी पिवळा आहे.

*

दिवाळी झाली आणि आप्पांना चक्कर आली. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, साखर वाढलीय, गुडघे झिजलेत, वजन उतरवा नाहीतर काठी घ्या. आप्पांची बायको, आमच्या काकी, मनावर घेणाऱ्या. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून तूप, दूध, मटण सगळं बंद केलं. आप्पांच्या डब्यात अर्धी भाकरी, उकडलेली मटकी आणि काकडी यायला लागली.

जो माणूस आधी आम्हा तिघांना पुरून उरेल एवढा डबा आणायचा, तो आता आमच्या डब्यांत डोकवायचा.

"मोहिते, त्यो लाडू खाताय का नुसता बगताय?"

"आप्पा, तुम्हाला चालत नाही."

"खात न्हाई वो. वास घ्यू द्या."

एके दिवशी वैशालीला राहवलं नाही. तिनं अर्धा बेसनलाडू आप्पांच्या हातावर ठेवला. संध्याकाळी लॅबचा फोन वाजला. काकी होत्या.

"आज ह्यास्नी कुणी काय खायाला दिलं? खरं सांगा."

"काही नाही काकी. का बरं?"

"खुशीत घरी आल्यात."

त्या दिवसापासून आम्ही आप्पांच्या समोर गोड खायचं सोडलं. आणि त्याच सुमाराला आकडा घसरायला लागला. एका दिवसात नाही, हळूहळू. आज पाव, पुढच्या आठवड्यात आणखी पाव. स्क्रू सील असल्यामुळं हात लावायची सोय नाही. नुसतं बघत बसायचं आणि कारण शोधायचं. सर म्हणाले, हळदच आहे. आम्ही परत कापूस आणि स्पिरिट हातात घेतलं. आकडा काही वर आला नाही.

*

मग सरांचा संशय उसावर गेला.

कारखाने सुरू झाले की आमच्या रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात, वर स्पीकर, त्यावर गाणी. एकेक गेला की पडद्यावरचे सुळके पिंगा घालतात. सरांनी मला सांगितलं, "मोहिते, जरा जाऊन त्यांना हळू जायला सांगा."

मी भर उन्हात हात जोडून रस्त्यात उभा राहिलो. एक ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर भला माणूस निघाला. त्यानं गाणं बंद केलं.

"काय काम चालतंय आत?"

"मोजमाप. हादरा बसला की चुकतं."

"काय मोजताय?"

काय सांगणार? म्हणालो, "उजेड."

"आस्सं," तो गंभीरपणे म्हणाला. "सगळ्यांस्नी सांगतो."

आणि त्यानं खरंच सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ट्रॅक्टर आमच्या फाटकापासून मुंगीच्या पावलानं जायला लागला. आधी जो हादरा डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपायचा, तो आता चहा पिऊन होईपर्यंत चालायचा. एक जण तर फाटकाशी थांबून आत यायचा आणि विचारायचा, "झालं का मोजून? जाऊ का?" मागं उसाची रांग तासगावच्या दिशेनं वाढत जायची.

शेवटी पोलीस आला. रांग बघून त्याचा पारा चढलेला.

"कशाचं मोजमाप चाललंय हितं?"

"उजेडाचं," मी म्हणालो. मला दुसरा शब्द सुचेना.

त्यानं डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. दुपारचं टळटळीत ऊन होतं. "मग भायेर या की," तो म्हणाला. "हितं काय कमी पडलाय?"

पुढं दुरुस्तीसाठी कारखाना बंद राहिला, रस्ता सुनसान झाला. आम्ही देव पाण्यात ठेवून आकडा घेतला. थरथर नव्हती, पण आकडा होता सत्त्याण्णव. म्हणजे ट्रॅक्टर निर्दोष सुटले आणि आम्ही परत पडद्यासमोर.

*

वैशालीला बघायला पाहुणे आले, तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आकडा घसरत असताना ती रजा घ्यायला तयार नव्हती. तिच्या आईनं मग मधला मार्ग काढला. साताऱ्याचा मुलगा आणि त्याची आई मिरजेला एका नातेवाइकाला दवाखान्यात बघायला निघाले होते, तर म्हणे जाता जाता लॅबवरच मुलगी बघतील. वैशालीनं कपाळावर हात मारला. सरांना मात्र भलताच उत्साह. "लॅब दाखवू त्यांना," म्हणाले.

दोघांना झगे, टोप्या, मास्क, पिशव्या चढवून आत आणलं. मुलगा वैशालीजवळ पडद्यासमोर थांबला. वैशाली नेहमीसारखी धडाधडा बोलत होती. मुलाच्या आईला कुठं उभं करावं कळेना, म्हणून आप्पांच्या कोपऱ्याच्या जरा अलीकडं जागा करून दिली. बाई चांगल्या अंगापिंडानं भरलेल्या होत्या. मी शेजारी मीटर हातात धरून, खाली बघत उभा होतो.

बाहेर आल्यावर त्या माउलीनं सरांना बाजूला घेतलं. "मुलगी पसंत हाय आमाला."

सर खूश. "छान. हुशार आहे हो."

"हुशार असंल. उंच हाय, सडपातळ हाय, खाली मान घालून हुबी हुती. एक शब्द बोलली न्हाई. ती दुसरी लय बडबडी."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मास्क काढला. माझ्या मिशा बघून त्यांनी पदर तोंडाला लावला.

वैशाली नंतर म्हणाली, "जाऊ दे मोहिते सर. आपल्या लॅबमधलं कुणीतरी पसंत पडलं." मुलगा खरं तर चांगला होता, बुटक्या सुळक्यांबद्दल त्यानं दोन शहाणे प्रश्न विचारले होते. पण तिनं आईला निरोप धाडला की तपासणी होईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही.

मला झोंबलं ते वेगळंच. पाहुणे आत असताना आकडा चढला होता, पार अठ्ठ्याण्णवच्या उंबऱ्यापर्यंत. ते बाहेर गेले आणि परत खाली.

"पाहुण्यांचा पायगुण," सर म्हणाले.

"सर, तुम्ही आयुष्यभर फिजिक्स केलंत."

"मग तुम्ही सांगा कारण."

मी मीटर परत तपासायला घेतलं. सर थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिले. मग हळूच म्हणाले, "तपासणीच्या दिवशी बोलावलं तर येतील का हो त्या बाई?"

*

फाटकावर लेसर लॅबची पाटी आहे, चांगली ठळक. पण गावोगावच्या लोकांच्या डोक्यात ते अजून कोल्ड स्टोरेजच. बेदाण्याच्या दिवसांत आठवड्यात कुणी ना कुणी पिकअप घेऊन उभा राहतोच. एका दुपारी तानाजी नावाचा शेतकरी आला. आभाळ काळवंडलेलं, मागं खोकी रचलेली, आणि शहरातल्या सगळ्या कोल्ड स्टोरेजना रांगा.

"तानाजीराव, इथं आता थंड करत नाही. लेसर आहे."

"असू दे की. आमी त्याला काय करत न्हाई. दोन दिस ठिवा."

मी नाही म्हणत असतानाच पहिले थेंब पडले. सर मागं येऊन उभे होते. सर म्हणाले, "पुढच्या खोलीत लावा. भिजलं तर वर्ष जाईल त्यांचं." सरांपुढं कोण बोलणार? खोकी लागली. दोन दिवसांचे पंधरा झाले, बाजार पडला म्हणून तानाजी ती न्यायला येईना, आणि बेदाण्यामागोमाग मुंग्या आल्या.

एकदा वैशाली पडद्याकडं बघत किंचाळली. झोताच्या गोल ठिपक्यातून एक काळा ठिपका चालत निघाला होता. भिंगावर मुंगी. फुंकर मारावी तर थुंकी उडेल, चिरडावी तर भिंग गेलं. सरांनी मग कागदाच्या टोकावर एक बेदाणा ठेवून तो भिंगाच्या कडेला धरला. दोन शास्त्रज्ञ आणि एक इंजिनीअर श्वास रोखून मुंगीची मनधरणी करत होते. खूप वेळानं ती बेदाण्यावर चढली आणि सरांनी कागद अलगद मागं घेतला.

कोपऱ्यातून आप्पांचा आवाज आला, "मुंगीला देताय. मला न्हाई."

त्या दिवशी आकडा शहाण्णव होता. दुसऱ्या दिवशी तपासणीचं पत्र आलं.

*

तपासणीला काळे मॅडम आल्या. कमी बोलणाऱ्या, बारीक चष्म्यातून सगळं बघणाऱ्या. त्यांनी आधी टॉर्च घेऊन प्रत्येक स्क्रूवरचं नेलपॉलिश तपासलं. मग म्हणाल्या, "मोजताना खोलीत गरजेची तीनच माणसं."

सरांनी आप्पांना बाहेर जायला सांगितलं. वारा अडवायला आप्पा नाहीत, तर मोजण्यापुरता एसीचा पंखाच बंद ठेवू, असं सरांनी सुचवलं आणि मॅडम हो म्हणाल्या. मला बरं वाटलं. शहाण्णवला थोडं झुकतं माप मिळेल, मॅडम माणूस दिसतायत, असं मनात आलं. वैशालीनं मोजमाप सुरू केलं.

पडद्यावर बुटक्या सुळक्यांचं जंगल उगवलं. आकडा आला बावन्न.

वैशालीनं परत मोजलं. बावन्न. मी माझं मीटर तपासलं, तारा तपासल्या. परत बावन्न. सर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. मास्कमुळं तोंड दिसत नव्हतं, डोळे दिसत होते, आणि मला ते बघवेनात. या माणसानं मला कधी जादा बोलून दुखावलं नव्हतं. मला स्वतःच्या नोकरीपेक्षा त्या घटकेला त्यांचीच काळजी वाटली.

"माझी गाडी संध्याकाळी मिरजेहून आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अजून एकदा घ्या. मग मला लिहावं लागेल."

तेवढ्यात दार उघडलं. झगा, टोपी, मास्क घालून आप्पा आत आले आणि सरळ कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. पाय फाकवून, हात मागं.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"आप्पा, तुम्हाला बाहेर थांबायला सांगितलं होतं," सर म्हणाले.

"पंखा बंद झाल्याला ऐकलं. म्हटलं काय तरी बिघाडलंय. माझी ड्युटी हितं हाय सर. भायेर जीव लागंना."

"आप्पा, जा."

"थांबा," वैशाली म्हणाली. ती पडद्याकडं बघत होती. जंगल गेलं होतं. आकडा शहाण्णव.

"आप्पा, बाहेर जा."

आप्पा गेले. बावन्न.

"आत या."

शहाण्णव.

"बाहेर."

"पोरी, एकदा काय ते ठरीव," आप्पा दारातून म्हणाले. मॅडम पेन ठेवून उठल्या आणि पडद्यापाशी आल्या. "पुन्हा," त्या म्हणाल्या. आप्पा पुन्हा आत आले, पुन्हा बाहेर गेले, पुन्हा आत आले. त्यांच्या पावलांबरोबर सुळके उठत होते आणि बसत होते.

वैशालीनं खाली बघितलं आणि टाचेनं फरशी ठोकली. "सर, फरशी. खाली थर्मोकोल आहे. आप्पा कोपऱ्यात उभे राहिले की फरशी दबते आणि लेसरचं टेबल तिकडं झुकतं. नळकांडं खांबावर आहे, खांब थेट मुरमात. ते हलत नाही. आपण सगळे स्क्रू आप्पा उभे असताना जुळवले. आपला झोत सरळ आहे तो आप्पा असले तरच."

मग सर म्हणाले, "पण आप्पा रोजच उभे राहतात. मग अठ्ठ्याण्णवचा शहाण्णव कसा झाला?"

वैशाली हळूहळू आप्पांकडं वळली. "आप्पा, दिवाळीपासून वजन किती उतरलं?"

दिवाळीपासून पहिल्यांदाच आप्पांचा चेहरा फुलला. मास्कच्या आडूनही कळत होतं. "लय उतरलं की. पट्टा दोन भोकं आत गेलाय. डाक्टर म्हनलं, शाब्बास."

मी खाली बसलो. पिवळी बाही, रस्त्यातला पोलीस, पदर तोंडाला लावणारी ती माउली, सगळी माझ्या डोळ्यांसमोरून एका रांगेत गेली. मग मला एकदम पुढची खोली आठवली. मी धावत गेलो, तानाजीचं एक खोकं पुसून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलं आणि आप्पांच्या हातात दिलं. आकडा सत्त्याण्णवच्या वर गेला. मी दुसरं आणलं आणि पहिल्यावर ठेवलं. बुटके सुळके जमिनीला टेकले.

अठ्ठ्याण्णव.

"हलू नका आप्पा," सर म्हणाले.

"हलत न्हाई," आप्पा म्हणाले. वरचं खोकं बरोबर त्यांच्या नाकाखाली आलं होतं. "पर वास लय येतोय."

मॅडमनी आकडा स्वतः वाचला, स्वतः परत मोजला आणि टॉर्चनं नेलपॉलिश पुन्हा बघितलं. "खोलीत कुणी काय धरून उभं राहायचं नाही, असं अटीत कुठं नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, ते गरजेच्या माणसांत धरावे लागतील." मग त्यांनी लिहिलं: अठ्ठ्याण्णव, सील शाबूत. सही केली. सर भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत राहिले. मास्क घातलेल्या माणसाला चष्मा पुसायला एवढा वेळ लागत नाही.

बाहेर आल्यावर मॅडमनी टोपी काढली. आप्पा खोकी जागेवर ठेवून घाम पुसत होते. त्या त्यांच्यासमोर थांबल्या.

"अजून वजन कमी करायचं आहे का तुम्हाला?"

"व्हय मॅडम. डाक्टर म्हनत्यात, आत्ता कुठं निम्मं झालंय."

मॅडमनी मान हलवली आणि सरांकडं वळल्या.

"मग यंत्र लवकर पाठवा."